श्टुटगार्टचा बिअर महोत्सव: दुपारी जा, आणि मगाआधी तो स्तंभ बघा

जर्मनीतला बिअर महोत्सव म्हटलं की लोक म्युनिकचं नाव घेतात. आम्ही मित्रमंडळी गेलो ती श्टुटगार्टच्या कान्स्टाटर फोल्क्सफेस्टला. घरात पिढ्यान् पिढ्या शेती असलेल्या मराठी माणसाला दोन्हींपैकी एकच बघायचं असेल, तर त्याने हेच बघावं असं माझं ठाम मत आहे. का, ते सविस्तर लिहिते.

माझी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात एकत्र शिकलेले आम्ही काही जण अजून एकमेकांना धरून आहोत. त्यातला एक श्टुटगार्टजवळच्या होहेनहाइम विद्यापीठात मातीवर संशोधन करतो. "सप्टेंबरअखेरीला या, छाटणीच्या आत परत जाल," असं तो बरीच वर्षं म्हणत होता. शेवटी जमलं. आमच्यात एक बँकेत नोकरी करणारी मैत्रीण होती, एकाचं ओझरला खतं-औषधांचं दुकान आहे आणि एक संगमनेरचा दूधवाला माळकरी, जो दारूला शिवत नाही. तो कशाला येतोय, असं घरी बऱ्याच जणांनी विचारलं. त्याला तिथे काय मिळालं तेही पुढे सांगते, कारण असा प्रश्न पडणारे खूप असतील.

आधी जागा समजून घ्या. बाड कान्स्टाट हा श्टुटगार्टचाच नेकार नदीकाठचा जुना भाग. तिथल्या नदीकाठच्या मोकळ्या मैदानाला वाझन म्हणतात. सप्टेंबरच्या शेवटी एका शुक्रवारी महोत्सव सुरू होतो, शहराचा महापौर पिंपाला तोटी ठोकून पहिली बिअर काढतो आणि पुढे सतरा दिवस मैदान भरलेलं असतं. पहिल्या रविवारी कान्स्टाटमधून मैदानापर्यंत मिरवणूक निघते. त्यात घोड्यांच्या गाड्या, पारंपरिक पोशाखातली गावोगावची मंडळी आणि बँडपथकं असतात. साधारण चाळीस लाख लोक येऊन जातात. म्युनिकनंतर याचाच नंबर लागतो. मैदानात यायला पैसे पडत नाहीत.

आमच्या होहेनहाइमवाल्याने आम्हाला आधी तंबूत नेलंच नाही. थेट मैदानाच्या मधोमध नेऊन उभं केलं. समोर लाकडी स्तंभ, २६ मीटर उंच. अंगभर धान्याच्या ओंब्या, मक्याची कणसं, भोपळे, सफरचंदं, भाज्या यांची सजावट आणि अगदी वर फळांचं मोठं पात्र. त्याला फ्रुख्टझॉयलं म्हणतात. आजूबाजूला पाळणे गरगरत होते, पोरं किंचाळत होती, बदाम भाजल्याचा वास सुटला होता, आणि मध्ये हा पिकांचा खांब. मी खाली उभी राहून ओंब्या ओळखत बसले. गहू दिसला, ओट दिसला आणि सातू दिसला. बिअर ज्याच्यापासून होते तो सातू.

हा स्तंभ इथे का आहे, ते कळलं की बाकी महोत्सवाकडे बघायची नजरच बदलते. १८१५च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्यातून उडालेल्या गंधकाच्या धुरकटाने पुढच्या वर्षी पृथ्वीच्या मोठ्या भागावर ऊन नीट पोचलंच नाही. १८१६ला युरोपात उन्हाळा असा झालाच नाही. पाऊस, गारपीट, थंडी. व्युर्टेंबर्ग राज्यातलं पीक शेतातच सडलं. लोक भुसा आणि कोंडा मिसळून भाकऱ्या करत होते, हजारो कुटुंबं रशियाकडे आणि अमेरिकेकडे निघून गेली. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्वालामुखीचा संबंध पुष्कळ नंतर लागला.

त्याच १८१६च्या ऑक्टोबरात विल्हेल्म पहिला व्युर्टेंबर्गच्या गादीवर आला. त्याची राणी कॅथरीना ही रशियाच्या झारची मुलगी. तिने राज्यभर मदतीची मंडळं उभी केली. १८१७ साली पीक आलं, तेव्हा धान्याची पहिली गाडी हार-तुरे घालून, चर्चच्या घंटा वाजवत गावात आणली गेली. एवढ्यावर समाधान मानून राजा-राणी थांबले नाहीत. पुन्हा अशी वेळ आली तर शेती तग धरेल कशी, यावर त्यांनी काम सुरू केलं. १८१८च्या सप्टेंबरात, राजाच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, कान्स्टाटला पहिला शेतकी महोत्सव भरला. उत्तम जनावरांना बक्षिसं, नवी अवजारं, घोड्यांच्या शर्यती. त्याच वर्षी होहेनहाइमची शेतकी शाळा निघाली, जिथे आज आमचा मित्र नोकरी करतो. त्याच वर्षी राणीच्या पुढाकाराने गरिबांसाठी बचत बँकही निघाली. या राजाला लोक राजांमधला शेतकरी आणि शेतकऱ्यांमधला राजा म्हणत. १८१८ म्हटलं की आपल्याला पेशवाई बुडाल्याचं साल आठवतं. त्याच साली इथे ही उभारणी चालली होती, हे ऐकताना मला वेगळंच वाटलं.

स्तंभाचा पहिला आराखडा थूरे नावाच्या दरबारी वास्तुशिल्पकाराने केला. १९१८ला राजेशाही गेली तेव्हा राजाची आठवण म्हणून स्तंभही काढून टाकला, आणि १९३५ला तो परत उभा राहिला.

एवढं सगळं सांगायचं कारण असं की बहुतेक पर्यटक या खांबाखाली "इथे भेटू" एवढंच ठरवतात आणि तंबूत पळतात. असं करू नका. पाच मिनिटं थांबा, वर बघा. ज्या लोकांनी उपाशीपोटी दोन वर्षं काढली, त्यांनी धान्य परत आल्याचा आनंद कसा केला असेल ते तिथे उमगतं. मग मगातली बिअर वेगळी लागते. मला तरी लागली.

आता तंबू. तंबू हा शब्द तोकडा आहे. आत लाकडी जमीन, वर सजवलेलं छत, मधोमध बँडचा चौथरा आणि हजारोंनी माणसं बसतील एवढी लांब बाकं. असे मोठे तंबू अनेक आहेत आणि प्रत्येकाचा मालक आणि स्वभाव वेगळा. बिअर मात्र प्रामुख्याने श्टुटगार्टच्या आणि आसपासच्या भट्ट्यांची. डिंकलआकर ही १८८८पासूनची इथली कंपनी, दुसरी श्टुटगार्टर होफब्रॉय. महोत्सवासाठी दरवर्षी खास बिअर काढतात. रंगाने सोनेरी, नेहमीच्या बिअरपेक्षा अंमळ कडक, पण कडवटपणा कमी आणि मागे भाजलेल्या धान्याची गोडी राहते. आपल्याकडच्या बाटलीतल्या बिअरचा गॅस पोटाला तडस लावतो, तसं हिच्यात होत नाही. मला ती फार आवडली. दुकानवाल्या मित्राला म्हटलं, "सावकाश पी, ही पाण्यासारखी उतरते आणि मग उठता येत नाही." तो म्हणाला, "तू द्राक्षवाली, तुला बिअरमधलं काय कळतं?" आणि अर्ध्या तासाने बाकाला पाठ शोधत बसला. बाकांना पाठ नसते.

मग एक लिटरचाच मिळतो, त्याला मास म्हणतात. जाड काचेचा असल्याने भरलेला मग दोन किलोच्या वर जातो. वाढणाऱ्या बायका असे दहा-बारा मग छातीशी धरून गर्दीतून वाट काढतात. त्यांच्या वाटेत उभं राहू नका, ही सगळ्यात महत्त्वाची शिस्त. मग उचलताना पंजा कानात घालून घट्ट धरायचा, दुसऱ्याच्या मगाला टेकवताना काठ न टेकवता बूड टेकवायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून "प्रोस्ट" म्हणायचं. नजर चुकवली तर शेजारचे जर्मन आजोबा हसत पुन्हा करायला लावतात, आम्हाला लावलं. त्यांच्या टेबलावर जागा होती म्हणून त्यांनीच बोलावलं होतं. आजोबा निवृत्त माळी निघाले. त्यांना द्राक्षाच्या खुंटांबद्दल बोलायचं होतं आणि मलाही. आमच्या मित्राने दुभाषाचं काम केलं. मी डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन जातीचं कलम कसं चढवतो ते सांगितलं, त्यांनी इथल्या उतारावरच्या वेली किती जुन्या आहेत ते सांगितलं. असं बोलणं शनिवारी रात्री होणं शक्य नाही, म्हणून दुपार म्हणतेय.

आम्ही गेलो तो बुधवार. बुधवारी कुटुंबांचा दिवस असतो. पाळण्यांचे आणि काही खाण्याचे दर कमी असतात. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात. तंबूंत बँड वाजतो पण बोललेलं ऐकू येतं, आणि नोंदणी न करता सरळ जाऊन बसता येतं.

खाण्यात इथली ओळख म्हणजे ग्योकलं, भाजलेली अर्धी कोंबडी. बाहेरून कातडी कुरकुरीत आणि मिठाची, आत मांस रसाळ. मसाला म्हणजे फक्त मीठ, मिरी, पाप्रिका. आपल्या जिभेला पहिल्या घासाला फिकी वाटते, तिसऱ्या घासाला पटते. हाताने खायची, सगळे हातानेच खातात. दुसरी म्हणजे माउलटाशन, मांस आणि पालकाचं सारण भरलेली पिठाची चौकोनी घडी, पाण्यात उकळून सूपमध्ये किंवा कांद्याबरोबर परतून देतात. उपासाच्या महिन्यात देवापासून मांस लपवायला एका मठातल्या साधूंनी ती काढली, अशी गोष्ट तिथे जो तो सांगतो. मला परतलेली जास्त आवडली.

शाकाहारी लोकांसाठी नीट लिहिते, कारण माळकऱ्यामुळे आम्ही प्रत्येक ठिकाणी खोदून विचारलं. केझश्पेट्झलं म्हणजे हाताने पाडलेल्या पिठाच्या जाड शेवया, भरपूर चीज आणि वर तळलेला कांदा. पिठात अंडं असतं, त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांना ते चालत नाही. बटाट्याच्या बोटभर लांब वळकट्या कोबीबरोबर परतून देतात, त्या दिसायला शाकाहारी, पण कोबीत बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. बटाट्याच्या धिरड्यांत आणि भट्टीत भाजलेल्या गोड पदार्थांतही अंडं असू शकतं. त्यातल्या त्यात निर्धास्त खाता येईल ते ब्रेत्सेल, म्हणजे पीळ घालून भाजलेला पाव. इथलं ब्रेत्सेल म्युनिकच्यापेक्षा वेगळं, पोटाशी जाड आणि चिरलेलं, वरच्या हातांशी बारीक आणि कडक. लोणी लावून मिळतं. तरी ज्याचं सोवळं कडक आहे त्याने तेही विचारूनच घ्यावं, कारण काही ठिकाणी पिठात चरबी वापरतात. शिवाय भाजलेले साखरेचे बदाम, मक्याची कणसं, ताजी सफरचंदं आहेतच. माळकऱ्याने लोणी लावलेली ब्रेत्सेलं आणि कणसं खाऊन दिवस काढला आणि त्याची काही तक्रार नव्हती. प्यायला सफरचंदाच्या रसात सोडा घालून लिटरच्याच मगात मिळतं. तो मग उंचावून तोही सगळ्यांबरोबर "प्रोस्ट" म्हणत होता आणि एकाही माणसाने त्याला "थोडी तरी घे" म्हटलं नाही. आपल्याकडच्या पार्ट्यांत जो आग्रह होतो तो इथे नाही, हे मला मनापासून आवडलं. दारू न पिणाऱ्याने इथे येऊ नये, असं मुळीच नाही.

कोबीबद्दल थोडं. श्टुटगार्टच्या दक्षिणेला फिल्डर नावाचं पठार आहे, सुपीक जमीन. तिथे टोकदार डोक्याचा कोबी पिकतो, आपल्या गोल गड्ड्यासारखा नाही. पानं पातळ आणि गोडसर असल्याने आंबवायला उत्तम. होहेनहाइम त्याच पठारावर आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मित्राने आम्हाला ती शेतं दाखवली. त्याच पठारावर विमानतळ आणि वसाहती वाढत गेल्या आणि कोबीची जमीन कमी होत गेली, हे सांगताना त्याचा आवाज बदलला होता. ओझर आणि पिंपळगावच्या रस्त्यांवरून जाताना आमचाही बदलतो.

मैदानात एका बाजूला बाजार भरतो. विळ्या, झाडू, मसाले, चामड्याचे पट्टे, भाजी चिरायची यंत्रं. विक्रेता माईक लावून गाजर चिरून दाखवतो आणि समोर बायका हात बांधून उभ्या असतात. भाषा कळत नसून आम्ही तिथे बराच वेळ रमलो. बँकेतल्या मैत्रिणीने बटाटे सोलायचं एक हत्यार घेतलं. पाळण्यांबद्दल फार लिहीत नाही, मोठ्या चक्रात मात्र बसाच. वरून नेकार, गाड्यांचे कारखाने, फुटबॉलचं मैदान आणि उतारावरचे द्राक्षमळे एका नजरेत येतात.

द्राक्षमळे दिसले म्हणजे मी वाइनच्या तंबूत जाणारच. बिअरच्या महोत्सवात वाइनसाठी स्वतंत्र तंबू असतो, कारण हा मुलूख मुळात वाइनचा आहे. पाव लिटरचा कान असलेला बुटका पेला, त्यात ट्रोलिंगर. रंग फिका तांबडा, चव हलकी, थंडगार देतात. हीच जात खायची द्राक्षं म्हणूनही चालते. तिच्यापासून आणि रीझलिंगपासून १९२९ साली इथून जवळच्या वाइन्सबर्गच्या केंद्रात केर्नर ही नवी जात काढली, ती पांढरी वाइनही तिथे मिळते. नाशिकची सुला किंवा यॉर्कची वाइन प्यायची सवय असलेल्यांना ट्रोलिंगर पातळ वाटेल. मला ती दुपारच्या जेवणाबरोबर योग्य वाटली, गरम हवेत जड लाल वाइनपेक्षा कितीतरी बरी. केर्नर मात्र उत्तम होती. जर्दाळूचा वास, शेवटी लिंबासारखी धार.

आता शनिवार संध्याकाळ. मित्राच्या ओळखीतल्या एका गटाने महिनोन्महिने आधी टेबल राखून ठेवलं होतं, त्यात आमची सोय झाली. शनिवारी असंच जावं लागतं. आठ किंवा दहा जणांचं टेबल घ्यायचं, जेवणाची आणि बिअरची कुपनं आधीच विकत घ्यायची. नोंदणी नसेल तर दारात रांगेत तासन् तास उभं राहायची तयारी हवी. आत गेल्यावर सगळे बाकांवर उभे. बसलेला माणूस दिसणार नाही. बँड जुनी-नवी जर्मन गाणी वाजवतो आणि दर थोड्या वेळाने "आइन प्रोझिट" हे गाणं सुरू झालं की सगळा तंबू एकदम मग उंचावतो. मला ते क्षण फार आवडले, अनोळखी माणसं खांद्यावर हात टाकून गातात त्यात खोटं काही नसतं. पण दोन-अडीच तासांनी आवाजाने डोकं भणभणलं. आम्ही ज्या तंबूत होतो तिथे सिगारेटचा धूर होता. आम्ही गेलो तेव्हा या राज्यात महोत्सवाच्या तंबूंना धूम्रपानबंदीतून सूट होती, त्यामुळे प्रत्येक मालक आपापलं ठरवायचा. दमा असेल, लहान मूल बरोबर असेल तर टेबल घेण्याआधी हे विचारा. शिवाय आमच्या टेबलाचं बिल दोनदा वेगवेगळं सांगितलं गेलं, मित्राने कुपनं मोजून दाखवल्यावर ते दुरुस्त झालं. कुपनं वाढणारीच्या हातात देताना मोठ्याने मोजा. बाकावर उभं राहिलेलं चालतं, टेबलावर चढलात तर पहारेकरी बाहेर काढतात.

बायकांसाठी सांगते. बुधवारी दुपारी मी आणि मैत्रीण दोघीच बाजारात, वाइनच्या तंबूत फिरलो, जराही अवघडल्यासारखं झालं नाही. शनिवारी रात्री गर्दीत धक्के असतात, पिऊन तोल गेलेली माणसं असतात, म्हणून दोघी-तिघींनी एकत्र राहावं. मैदानात वाझनबोये नावाची बायका-मुलींसाठी जागा आहे. त्रास झाला, बरोबरची माणसं हरवली, फोन बंद पडला तर तिथे जाऊन बसता येतं, मदत मिळते. अशी सोय आपल्या प्रत्येक जत्रेत, प्रत्येक मोठ्या कार्यक्रमात व्हायला हवी.

पैशांचं बोलायचं तर हा स्वस्त प्रकार नाही. आम्ही गेलो तेव्हा लिटरभर बिअर चौदा युरोच्या आसपास होती, म्हणजे आपले तेराशे-चौदाशे रुपये, आणि अर्धी कोंबडी थोडीफार तेवढ्यालाच. वर सुट्टे पैसे वाढणारीला द्यायची रीत आहे, आणि ती त्या कष्टाला साजेशी पाळावी. रोख जवळ ठेवा. एका माणसाला एक मग पुरतो, आमच्यात दोघींनी एकच घेतला तरी कुणी नाक मुरडलं नाही. तंबूच्या दारात पिशव्या तपासतात, मोठी सॅक हॉटेलवरच ठेवा. मग खोलीवर न्यायचा मोह होईल, पण ती चोरी धरली जाते. हवा असेल तर दुकानात विकत मिळतो. लेदरची अर्धी विजार आणि डिर्न्डल, म्हणजे बायकांचा पारंपरिक झगा, घालणारे पुष्कळ दिसतात, तरी साध्या कपड्यांत कुणाला काही वाटत नाही. आमचा माळकरी टोपी घालून होता आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला लोक थांबत होते. तो प्रत्येकाला राम कृष्ण हरी म्हणत होता.

जायला श्टुटगार्टच्या मुख्य स्थानकातून यू ११ ही ट्राम महोत्सवाच्या दिवसांत थेट मैदानापर्यंत येते. लोकल रेल्वेने बाड कान्स्टाटला उतरून चालतही जाता येतं. गाडी भाड्याने घेऊन येऊ नका, प्यायचं असेल तर मुळीच नाही. रात्री तंबू बंद होताना सगळे एकदम स्थानकाकडे निघतात, त्याच्या तासभर आधी निघालात तर बसायला जागा मिळते.

एक गोष्ट महोत्सवाच्या बाहेरची, पण मी ती याच सहलीचा भाग मानते. मैदानापासून नदीच्या वरच्या अंगाला, उंटरट्युर्कहाइमच्या वर, रोटेनबर्गची टेकडी आहे. उतारावर सगळी द्राक्षं आणि माथ्यावर घुमटाची एक समाधी. ती राणी कॅथरीनाची. पहिला महोत्सव झाला आणि चार महिन्यांच्या आत, १८१९च्या जानेवारीत, ती तीस वर्षांची असताना वारली. राजाने आपल्या घराण्याचा मूळ किल्ला पाडून त्या जागी तिच्यासाठी ही समाधी बांधली. दारावर बायबलमधलं वाक्य आहे, मराठी बायबलात ते "प्रीती कधी अंतर देत नाही" असं येतं. आम्ही गुरुवारी सकाळी तिथे गेलो. तोडणी सुरू होती, मजूर उतारावर पाट्या घेऊन खालीवर करत होते. चढ इतका उभा की ट्रॅक्टरचा प्रश्नच नाही. वेलींतलं अंतर, तारांची उंची, माती, सगळं मी बघून घेतलं. एका मजूर बाईने मूठभर द्राक्षं हातावर ठेवली. महोत्सवाला येणाऱ्याने अर्धा दिवस काढून इथे यावंच. तंबूतला एक मग कमी झाला तरी चालेल.

मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८पासून जोडशहरं आहेत. तरी मुंबईहून जर्मनीला जाणाऱ्या सहली श्टुटगार्टला वळसा घालून जातात. सहल कंपन्यांनी म्युनिकच्या ऐवजी, निदान म्युनिकच्या जोडीला, हे ठिकाण घ्यायला हवं. विशेषतः शेतकऱ्यांचे जे अभ्यासदौरे नेदरलँड्स आणि इस्रायलला जातात, त्यांनी.

त्यांना सोयीचं आणखी एक कारण आहे. दर काही वर्षांनी महोत्सवाच्या जोडीला त्याच मैदानावर मोठं शेतकी प्रदर्शन भरतं, १८१८च्या पहिल्या महोत्सवाचं तेच मूळ रूप. २०१८ आणि २०२२ला ते झालं. गाई, घोडे, डुकरं, यंत्रं, नव्या जाती. आम्ही गेलो त्या वर्षी ते नव्हतं. माझे सासरे आयुष्यभर खिल्लार बैल पाळत आले, जनावर चालताना बघून ते त्याचं वय आणि खोड सांगतात. त्यांना पुढच्या प्रदर्शनाच्या वर्षी घेऊन जायचं पक्कं केलंय. ते तयार आहेत, फक्त ऑक्टोबर छाटणीच्या तारखा मागेपुढे कराव्या लागतील. माळकऱ्यालाही यायचंय. त्याला गोठे बघायचेत.